तारवाली भिंगरी : नाशिक परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुलाखाली, बंधाऱ्याच्या भिंतीशी, नदीवरून गेलेल्या विजेच्या तारेवर जोडीनं बसणारा हा पक्षी चिमणीपेक्षाही हलका आहे. नाशिक, निफाड, सिन्नर, येवला इथून त्याच्याबद्दल आमच्याकडे सतत विचारणा होते. उन्हाळ्यात पुलांची डागडुजी निघाली की प्रश्न वाढतात, आणि पावसाळ्यात पिल्लं खाली पडलेली सापडली की पुन्हा वाढतात. घाईत असाल तर पिल्लासाठी थेट प्रश्न १३ आणि दुरुस्तीच्या कामासाठी प्रश्न १५ वाचा. बाकीचं सवडीनं वाचलं तरी चालेल.

१. तारवाली भिंगरी म्हणजे नेमका कोणता पक्षी?

भिंगरी कुळातला, उडता उडता किडे पकडून खाणारा छोटा पक्षी. शेपटीच्या तारा सोडल्या तर लांबी साधारण १४ सेंटीमीटर, वजन ९ ते १३ ग्रॅम. डोक्यावर तांबूस टोपी, पाठ चकचकीत गडद निळी, डोळ्यातून गेलेली काळसर पट्टी, आणि गळ्यापासून पोटापर्यंत स्वच्छ पांढरा रंग. शेपटीच्या दोन्ही कडांची पिसं तारेसारखी बारीक होऊन मागे लांबलेली असतात, म्हणून हे नाव. नराच्या तारा लांब, मादीच्या आखूड.

आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला आणि भारतापासून आग्नेय आशियापर्यंत ती आढळते. शास्त्राला तिची ओळख आधी झाली ती आफ्रिकेत. १८१६ साली काँगो नदीच्या मोहिमेवर गेलेले नॉर्वेचे वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टन स्मिथ तिथेच तापानं वारले. १८१८ साली या पक्ष्याचं वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा त्यांच्या आठवणीसाठी नाव ठेवलं गेलं हिरुंडो स्मिथिआय. आपल्याकडची ती याच जातीची, पण वेगळी उपजात आहे. आफ्रिकेतल्या भिंगरीपेक्षा हिच्या तारा लांब असतात.

२. शेपटीला तारा दिसतच नाहीत. मग ओळखायची कशी?

तारा शोधत बसू नका, पोट बघा. तारा इतक्या बारीक असतात की आकाशाच्या पार्श्वभूमीवर दुर्बिणीतूनही हरवतात. शिवाय त्या झिजतात, तुटतात आणि पिसं बदलताना काही काळ नसतातही. त्या वर्षीच्या पिल्लांना तारा जवळजवळ नसतातच. त्यांची टोपी मळकट तपकिरी आणि पाठही फिकट असते.

खालची बाजू मात्र दगा देत नाही. गळा पांढरा, छातीवर आडवा पट्टा नाही, पोटावर रेघा नाहीत. त्यात तांबूस टोपी दिसली की शंका उरत नाही. वळताना शेपटी पंख्यासारखी उघडते, तेव्हा तिच्यावरचे पांढरे ठिपके चमकतात. ते दिसले तर उत्तमच.

३. हिवाळ्यात तारांवर शेकड्यांनी ओळीनं बसतात, त्या याच का?

नाही. त्या बहुतेक करून माळभिंगऱ्या. साधारण सप्टेंबरमध्ये उत्तरेकडून येतात आणि एप्रिलपर्यंत परततात. त्यांचा गळा तांबडा आणि त्याखाली गडद पट्टा असतो. त्यांच्यात लालबुडी भिंगरीही मिसळलेली असते. तिच्या पोटावर बारीक रेघा असतात आणि पाठीचा शेपटीलगतचा भाग तांबूस असतो. तारवाली अशा गर्दीत क्वचितच शिरते. ती दिसेल ती एकटी, जोडीनं, फार तर नुकत्या उडालेल्या पिल्लांसह चार-सहाच्या कुटुंबात.

४. आमच्याकडे सगळ्यांनाच पाकोळी म्हणतात. वेगळ्या कशा ओळखायच्या?

एक साधी खूण आहे: तारेवर बसलेली दिसली तर ती पाकोळी नव्हे. पाकोळीचे पाय बसण्याच्या कामाचे नसतात. ती उभ्या भिंतीला चिकटते किंवा हवेतच असते. तिचे पंख कोयत्यासारखे वाकडे आणि ताठ. भिंगरी तारेवर, वाळक्या फांदीवर, कठड्यावर आरामात बसते. दोघी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचं नातं फार लांबचं आहे.

५. नाशिकमध्ये कुठे बघायला मिळेल?

जिथे उघडं पाणी, त्याला लागून ओली माती आणि वर छप्पर, तिथे. या तीन गोष्टी एकत्र असल्या की लांब जायची गरज नाही. गोदावरीवरचे पूल, सोमेश्वरचा परिसर, गंगापूर धरणाचा फुगवटा, दारणा-कादवेवरचे केटी (कोल्हापूर पद्धतीचे) बंधारे, पाटाच्या मोऱ्या ही सगळी बघण्यासारखी ठिकाणं. पुलावर उभं राहून खाली बघा. वरून बघताना निळी पाठ आणि तांबूस टोपी जितकी नीट दिसते तितकी खालून कधीच दिसत नाही.

नांदूर मध्यमेश्वरला जाणारे बहुतेक जण बदकं आणि करकोचे बघायला जातात. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा हा बंधारा, त्याच्या मागे साठलेला गाळ आणि उथळ पाणी, १९८६ मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य, आणि पुढे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. तिथे मनोऱ्यावर चढण्याआधी दहा मिनिटं बंधाऱ्यापाशी थांबा, एवढंच आमचं सांगणं. दुर्बीण दूरच्या बदकांवर लावण्याच्या घाईत डोळ्यासमोरून जाणारी ही भिंगरी निसटते.

६. ती वर्षभर इथेच असते का?

हो, आपल्याकडे ती रहिवासी आहे. उत्तर भारतातल्या थंड भागातल्या तारवाल्या हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतात, पण नाशिककडच्या जोड्या पाणी टिकून असेल तर जागा फारशी सोडत नाहीत. नाला आटला तर मात्र त्या जवळच्या धरणाकडे किंवा नदीकडे जातात. "मे महिन्यात गायब झाली" असं कळवणाऱ्यांना आम्ही आधी पाण्याचं विचारतो.

७. ती खाते काय? डास कमी होतात का?

हवेत उडणारे किडे, आणि जवळजवळ तेवढंच. माश्या, चिलटं, छोटे भुंगे, पंखवाल्या मुंग्या, पहिल्या पावसानंतर बाहेर पडणारी पंखवाली वाळवी. वाळवी निघते त्या संध्याकाळी तिची धांदल बघण्यासारखी असते.

डासही तिच्या तोंडी जातात. पण डासांवरचा उपाय म्हणून तिच्याकडे बघू नका. ती दिवसा शिकार करते आणि आपल्याला चावणारे बरेचसे डास अंधार पडल्यावर बाहेर येतात. डास कमी करायचे तर साचलेलं पाणी काढायला हवं. भिंगरीनं आपलं काम केलं तरच तिला ठेवायची, अशी अट आम्हाला पटत नाही.

८. ती द्राक्षं खाते का? बागेवर जाळी टाकावी लागेल का?

द्राक्षाला ती चोचही लावत नाही. बागेत मणी फोडणारे पक्षी वेगळे: बुलबुल, साळुंकी, पोपट आणि हिवाळ्यात थव्यानं येणाऱ्या भोरड्या. वेलींच्या ओळींवरून सूर मारत जाणारी भिंगरी तुमच्या बागेतले उडते किडे टिपत असते.

उलट बाजूही सांगायला हवी. वेलीला चिकटून बसलेला पिठ्या ढेकूण किंवा पानामागचे किडे ती काढत नाही, त्यामुळे "भिंगरी आली, फवारणी थांबवा" असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पण पिल्लं घरट्यात असताना पाण्याच्या कडेला फवारणी झाली तर दोन नुकसानं होतात. उडते किडे संपतात, आणि जे उरतात ते औषध पोटात घेऊन पिल्लांच्या तोंडी जातात. ओढ्याकाठच्या शेवटच्या दोन-तीन ओळी फवारताना वाऱ्याची दिशा बघा आणि टाकी ओढ्यात धुऊ नका. जाळी टाकायचीच असेल तर ती ताणून बसवा. सैल लोंबणाऱ्या जाळीत सगळेच पक्षी अडकतात.

९. पाण्याला चोच लावत जाते. मासे पकडते का?

पाणी पिते. उडता उडता खालची चोच पाण्यात बुडवून घोट घेते आणि वर उठते. कधी कधी पोट टेकवून अंघोळही तशीच उरकते. पाण्याला अगदी लागून उडताना ती पृष्ठभागावरचे किडेही टिपते, म्हणून मासा धरल्याचा भास होतो. शेततळ्यावर येणारी भिंगरीही याच कामाला येते. प्लास्टिकच्या कागदामुळे तिथे चिखल मिळत नाही, तेवढीच अडचण.

१०. पुलाखाली मातीची घरटी आहेत. ती कोणाची हे कसं कळेल?

आकारावरून. हा प्रश्न आमच्याकडे सर्वात जास्त येतो, आणि दुरुस्तीचं काम निघालं की नेमकं उत्तर लागतं, म्हणून जरा सविस्तर.

मातीच्या गोळ्यांची अर्धी वाटी, भिंतीला चिकटवलेली, वरून उघडी, छताच्या अगदी जवळ पण पक्षी बसेल एवढी फट ठेवलेली, आणि आसपास दुसरं घरटं नाही: खाली पाणी असेल तर ही तारवाली असण्याची शक्यता मोठी. वाटीत गवताच्या काड्या आणि पिसांचं मऊ अस्तर असतं.

वाटी तशीच उघडी, पण जागा कातळाच्या कपारीत, लेण्यात, किल्ल्याच्या कमानीत किंवा उंच इमारतीच्या छज्जाखाली, आणि पाणी जवळ नाही: ती बहुधा कड्याकपारीतली काळपट भिंगरी. तिचा सगळा अंगरंग धुरकट तपकिरी असतो, पांढरं पोट नसतं.

छताला चिकटलेली सुरई, तिला बोगद्यासारखी आडवी मान: लालबुडी भिंगरी.

मातीच्या मडक्यांचा एकमेकांना चिकटलेला गठ्ठा, प्रत्येकाला आखूड तोंड, एकाच खांबाशी वीस-पन्नास किंवा त्याहून जास्त: ही रेघाळ गळ्याची, वसाहत करून राहणारी भिंगरी. तारवाली असं कधीच करत नाही.

माती जवळजवळ नाही, पिसं-काड्या लाळेनं चिकटवलेला अस्ताव्यस्त गोळा, आणि संध्याकाळी किंचाळत फिरणारे थवे: पाकोळी.

शंका राहिली तर घरट्याचा नव्हे, त्यात शिरणाऱ्या पक्ष्याचा फोटो पाठवा. अंतराचा नियम प्रश्न २२ मध्ये आहे.

११. घरटं कधी करते? अंडी किती, पिल्लं कधी उडतात?

उत्तर भारतात मार्च ते सप्टेंबर हा मुख्य हंगाम. आपल्याकडे पाणी आणि किडे असतील त्या जवळजवळ कोणत्याही महिन्यात घरटं सापडू शकतं, म्हणून "हंगाम संपला" हे गृहीत धरून काम सुरू करू नका. जोडी एका वर्षात दोनदा पिल्लं काढू शकते.

नर-मादी काठावरचा ओला चिखल चोचीत आणून एकेक गोळा चिकटवतात. असे शेकडो गोळे लागतात, आणि आधीचा थर वाळल्याशिवाय पुढचा टिकत नाही. अंडी साधारण तीन ते पाच, पांढरट, त्यावर तांबूस-तपकिरी ठिपके. उबवण्याचं काम मुख्यतः मादीचं. ते १४ ते १८ दिवस चालतं. पिल्लांना दोघंही भरवतात आणि १५ ते २४ दिवसांत ती उडतात. उडाल्यावरही काही दिवस संध्याकाळी घरट्यावर झोपायला परततात. हा शेवटचा टप्पा बहुतेकांना माहीत नसतो.

१२. एवढा मोठा पूल आणि एकच जोडी, असं का?

तारवाली आपली हद्द राखते. दुसरी जोडी जवळ आली की नर तिला हुसकावतो. लांब पुलाच्या दोन टोकांच्या गाळ्यांत दोन जोड्या राहू शकतात, पण शेजारी-शेजारी घरटी नाहीत. म्हणूनच तिचं एक घरटं पडलं तर त्या पट्ट्यातली सगळी पिल्लं गेली असा त्याचा अर्थ होतो. वसाहतीतल्या पक्ष्यांचं पन्नासातलं एक घरटं पडणं आणि हिचं एक पडणं या गोष्टी सारख्या नाहीत.

१३. पिल्लू खाली पडलं आहे. काय करू?

आधी पिसं बघा.

अंग उघडं किंवा अर्धवट पिसांचं, डोळे बंद: ते घरट्यातून पडलं आहे. हात पोचत असेल तर उचलून परत घरट्यात ठेवा. "माणसाचा हात लागला की आई टाकते" हा समज खरा नाही. आई-बाप हाताच्या वासावरून पिल्लू सोडत नाहीत. ते सोडतात ते माणूस तासभर घरट्याखाली उभा राहतो म्हणून. ठेवा आणि निघा.

अंग पूर्ण पिसांनी भरलेलं, पंख फडफडवतं, चोचीच्या कडा पिवळट: ते उडायला शिकतंय. पाण्यात किंवा रस्त्यात असेल तर जवळच्या कठड्यावर, सावलीत, मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवा. आई-बाप हाक ऐकून येतात.

चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध, पाव, भात, शेव यातलं काहीही देऊ नका. हे पिल्लू किड्यांवर जगतं, आणि तेही आई-बाप दिवसभर खेपा घालून आणतात. जखम असेल, रक्त असेल किंवा घरट्यापर्यंत हात पोचतच नसेल, तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली सुती कापड घालून, अंधारात आणि शांत ठेवा आणि वन विभागाला कळवा. महाराष्ट्र वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. घरी पाळायचा विचार कितीही प्रेमानं आला तरी करू नका. तो कायद्यात बसत नाही, आणि हवेत शिकार कशी करायची हे तुम्ही त्याला शिकवू शकत नाही.

१४. अख्खं घरटंच पडलं, पिल्लं जिवंत आहेत. आता?

नारळाची अर्धी करवंटी घ्या, तळाला दोन बारीक भोकं पाडा म्हणजे पाणी साचणार नाही, आत पडलेल्या घरट्याचंच अस्तर घाला आणि पिल्लं ठेवा. करवंटी जुन्या जागेच्या शक्य तितक्या जवळ, तेवढ्याच उंचीवर तारेनं घट्ट बांधा. मग लांब जाऊन बघा. चोचीत किडा घेतलेला पक्षी घिरट्या घालून करवंटीवर बसला की काम झालं. दोन तास कोणीच आलं नाही तर प्रश्न १३ मधल्या खोक्याचा मार्ग. अंडी फुटली नसतील तरी तीच रीत, पण अंडी थंड पडून बराच वेळ झाला असेल तर उपयोग होत नाही.

१५. आमच्या गावच्या मोरीची दुरुस्ती निघाली आहे आणि आत घरटं आहे. काम थांबवायला सांगू का?

सगळं काम थांबवायची गरज सहसा नसते. घरट्याचा गाळा शेवटी घ्यायला सांगा. ठेकेदाराशी भांडण काढून काही हाती लागत नाही, वेळापत्रक घेऊन गेलात तर लागतं. हिशोब सोपा आहे. अंडी नुकती घातली असतील तर पिल्लं उडेपर्यंत जास्तीत जास्त सहा आठवडे. पिल्लं पिसांची झाली असतील तर दहा-बारा दिवसही पुरतात. तोवर बाकीचे गाळे, वरचा रस्ता, कठडे करता येतात. घरट्याच्या गाळ्यात तेवढ्या दिवसांत ड्रिलिंग, पाण्याचा फवारा आणि रंग नको.

काम सुरू होण्याआधीच, घरटं रिकामं असताना, पाहणी करून तारीख ठरवली तर सर्वात बरं. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा शाखा अभियंत्याला लेखी अर्ज द्या, सोबत घरट्याचा फोटो आणि तारीख. तोंडी सांगितलेलं मुकादम बदलला की विसरलं जातं.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये "शिकार" या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. हे धमकी म्हणून वापरू नका. अर्जात एका ओळीत लिहा, बस्स.

१६. पिल्लं उडून गेली. रिकामं घरटं काढलं तर चालेल का?

लगेच नको. एक तर ती काही रात्री तिथेच झोपतात (प्रश्न ११), आणि दुसरं म्हणजे जोडी तेच घरटं डागडुजी करून पुन्हा वापरते. मातीची वाटी तयार मिळाली की चिखल वाहण्याचे दिवस वाचतात आणि दुसरी वीण लवकर लागते. बांधकामासाठी काढणं भागच असेल तर सलग काही संध्याकाळी पाहून, कोणी झोपायला येत नाही याची खात्री करून काढा. फक्त दिसायला बरं नाही म्हणून काढायचं असेल तर आमचं उत्तर नाही असंच आहे.

१७. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पुलाखालच्या घरट्यांचं काय होतं?

उंच पुलांखालची वाचतात, कमी उंचीच्या मोऱ्या आणि फरशी पुलांखालची जातात. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावर पुराचा अंदाज घेणाऱ्या नाशिककरांना वेगळं सांगायला नको. मारुतीच्या कमरेला पाणी लागतं त्या दिवशी पाण्यालगतची कपार कोरडी राहत नाही. शिवाय पाणी घरट्याला न टेकताही घात होतो. तुषारांनी आणि ओलीनं माती मऊ पडते आणि वाटी भिंतीवरून सुटते. त्याहून मोठा धोका झडीचा. सलग पाऊस लागला की किडे उडत नाहीत, आणि पिल्लं उपाशी राहतात.

पूर नैसर्गिक आहे आणि जोडी तो सोसून पुन्हा घरटं घालते. पुराच्या पाण्यात उतरून घरटं वाचवायला जाऊ नका. हे आम्ही दर पावसाळ्यात सांगतो, कारण दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतं.

१८. जलपर्णीमुळे भिंगरीला फायदा होतो की तोटा?

थोडी असेल तर अडत नाही. पानांवर किडे असतात आणि ती वरून ते टिपते. पण शहराच्या खालच्या अंगाला गोदावरीत होतं तसं पात्र काठापासून काठापर्यंत हिरवं झालं, की पिण्यासाठी आणि सूर मारण्यासाठी उघडं पाणी उरत नाही. जलपर्णी माजते ती सांडपाण्यामुळे. यंत्रानं काढली तरी सांडपाणी येत राहिलं तर महिन्याभरात परत येते. काढलेला ढीग काठावरच टाकला तर चिखलाची जागाही झाकली जाते. ढीग दूर नेला जातोय ना, एवढं तरी बघा.

१९. नवे घाट, नवे पूल होत आहेत. काँक्रीटचा काय परिणाम?

पूल म्हणून काँक्रीटशी तिचं वैर नाही. माणसानं बांधलेल्या छपरांखालीच तर ती आज सर्रास राहते. अडचण काठाची आहे. दोन्ही तीर फरसबंद झाले की चोचभर चिखल घ्यायला जागा राहत नाही, आणि पाणी व छप्पर असूनही घरटं होत नाही. २०२७च्या सिंहस्थासाठी घाट आणि रस्त्यांची कामं होतील. ती करताना पुलाच्या दोन्ही अंगांना थोडा कच्चा काठ सोडला तरी पुष्कळ. चार पावलांचा ओला पट्टा पुरतो. पुलाच्या आतल्या बाजूला गुळगुळीत ऑईल पेंट मारू नये, त्यावर माती धरत नाही. खरखरीत गिलावा किंवा उघडं काँक्रीट ठेवलं तर खर्चही वाचतो. आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा हे दोन मुद्दे लिहून द्या.

२०. संक्रांतीला मांज्यात अडकलेली भिंगरी सापडली. सोडवू कशी?

ओढू नका. पक्ष्यावर हलकं कापड टाका, डोळे झाका, आणि मांजा दोन्ही बाजूंनी कात्रीनं कापा. पंखात गुंडाळलेला तुकडा जोरात काढला तर कातडी आणि स्नायू फाटतात. तो तसाच ठेवून पशुवैद्याकडे न्या. येवल्यात पतंगांचा जोर मोठा, तिथून असे फोन जास्त येतात. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. संक्रांत झाल्यावर नदीकाठच्या झाडांवर, तारांवर लोंबणारा मांजा महिनोन्महिने जीव घेत राहतो. काठावरच्या झाडांवरचा तेवढा उतरवा. विजेच्या तारांना मात्र हात लावू नका, वीज कंपनीला कळवा.

२१. आमच्या फार्महाऊसच्या पोर्चमध्ये घरटं केलंय. खाली घाण होते. काय उपाय?

घरट्याच्या हातभर खाली एक रुंद फळी ठोका. विष्ठा तिच्यावर पडेल. फळी घरट्याला फार जवळ नको, नाहीतर मांजर किंवा उंदीर तिचा पायरीसारखा उपयोग करेल. आणि आधी प्रश्न १० वाचून खात्री करा: घराच्या पोर्चमधलं घरटं बरेचदा दुसऱ्या भिंगरीचं निघतं. उपाय मात्र सगळ्यांना एकच.

२२. फोटो काढताना किती जवळ जावं?

पक्षी तुम्हाला सांगतो. चोचीत किडा असूनही ती घरट्यात न शिरता घिरट्या घालत असेल, किंवा समोरच्या तारेवर बसून चिट्-चिट् करत असेल, तर तुम्ही जास्त जवळ आहात. लगेच मागे सरा. मोरीच्या आत शिरून फ्लॅश मारणं कोणत्याही कारणानं नको. उडतानाचा फोटो हवा असेल तर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद शटर ठेवा आणि पाण्यावरच्या तिच्या ठरलेल्या फेरीची वाट बघा. ती त्याच वाटेनं पुन्हा पुन्हा येते. घरट्याचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका.

२३. चिमणीसारखं लाकडी खोकं लावलं तर येईल का?

नाही. तिला बंद खोकं नको, उघडी वाटी हवी. पाण्यावरच्या छपराखाली दोन बोटं पुढे आलेली खरखरीत पट्टी आणि काठावर ओला चिखल, एवढंच लागतं. उन्हाळ्यात विहिरीच्या मोटारीचं थोडं पाणी काठावर सोडून चिखल धरता आला तर फारच छान.

२४. नोंद कुठे करायची?

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख, वेळ, ठिकाण आणि संख्या. "नव्हती" हीसुद्धा नोंद आहे, म्हणून दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी टाका. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्या दिवसांत गावातला एकेक पूल वाटून घेतला तर शाळेतली मुलंही हे करू शकतात. घरट्याची नोंद करताना खाली पाणी होतं का, काठ कच्चा होता की बांधलेला, हे जरूर लिहा.

२५. घरट्यात पिल्लं आहेत पण दोन दिवस एकच मोठा पक्षी दिसतो. दुसरा मेला असेल का? पिल्लं आणून वाढवावी का?

पिल्लं आणू नका. आधी पिल्लांचं वय पाहा. अगदी लहान पिल्लांवर मादी बराच वेळ बसून असते, त्यामुळे बाहेर फक्त नर दिसतो. तारा झिजल्या असतील तर नर-मादी सारखेच दिसतात आणि दोघं आलटून पालटून येत असले तरी एकच आहे असं वाटतं (प्रश्न २). लांबून अर्धा तास बसून खेपा बघा. एकाच्या पाठोपाठ लगेच दुसरा आला तर दोघंही आहेत.

खरोखरच एक उरला असेल तरी पिसं फुटलेली पिल्लं एकटा पालक वाढवू शकतो. कधी सगळी जगतात, कधी दोनच. उघड्या अंगाची पिल्लं असतील, ऊब द्यायला मादी येत नसेल आणि पिल्लं चोच उघडेनाशी झाली असतील, तेव्हाच वन विभागाला कळवा.